डाव्या हाताची माशी

३ मार्च

चि. टिल्लूस,
ताईचे आशीर्वाद आणि एक चापट. चापट आधी घे.

तू कामाला आहेस त्या गळांच्या दुकानाचा नवा कॅटलॉग परवा आला. पान अकरा. गळावर बांधलेली माझी करडी पिसाची माशी, फोटो झकास, आणि खाली 'घडण' म्हणून तुझं नाव! गेल्या खेपेला नमुना म्हणून माझ्या डबीतल्या सहा उचलून नेल्यास, तेव्हा मी म्हटलं होतं, जपून, पीस मोडेल. पीस नाही मोडलं.

तीन वर्षं लागली रे मला ती पाण्यावर उभी करायला. गळावर पीस कुठे दाट गुंडाळायचं, कुठे विरळ, म्हणजे माशाला वाटावं खरीच माशी बसलीय, हे मी कुणाला न विचारता शोधलं. विचारणार कुणाला? बाबा म्हणायचे, डावखुरीचा वेढा उलटा, तू आपली दोऱ्याला मेण लाव. त्यांचे डोळे गेल्यापासून घरातल्या सगळ्या माश्या मीच बांधते आणि त्या त्यांच्या नावावर विकल्या जातात. ते चालतं मला. पण ही एक माझी होती.

शेजारच्या शिंपीकाकांनी बाबांना ते पान वाचून दाखवलं. तेव्हापासून येईल त्याला सांगतायत, पोराने नाव काढलं. मी गप्प आहे. तू सांग त्यांना. माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही.

लोभ आहेच. वाढवायचा की कसं, ते तुझ्या उत्तरावर.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. चापट पोचली. लागली.

मालकांनी विचारलं, कुणी बांधली, आणि माझ्या तोंडून 'मी' निघून गेलं. सात वर्षं गळांची खोकी उचलतोय गं, पहिल्यांदा कुणी बस म्हणालं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो, तर फोटोवालाच आला.

आता पुढचं ऐक. अठ्ठावीस तारखेला दुकानात चाळीस गिऱ्हाइकांसमोर मला ती बांधून दाखवायचीय. मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही, तुला माहीत आहे. एकेक पायरी लिहून पाठव ना. एवढं निभावून ने, मग बाबांना मीच सांगतो. आत्ता सांगितलं तर म्हातारा खचेल.

राग कमी करावा, लोभ होता तेवढा तरी ठेवावा.

तुझा लबाड पण एकुलता एक भाऊ

१५ मार्च

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

म्हातारा खचेल म्हणे. आणि मी काय दगडाची?

वेगळ्या कागदावर अकरा पायऱ्या लिहिल्यात. रोज दहा वेळा बांध. सोबत करडी पिसं आणि मेण लावलेला दोरा आहे. हे तुझ्यासाठी करत नाहीये, गैरसमज नको. माझी माशी चाळीस लोकांसमोर गबाळी दिसायला नको, म्हणून.

बाबांना मात्र पत्र घाल. कॅटलॉगचं पान ते उशाशी घेऊन निजतात. दिसत नाही, तरी बोट फिरवतात त्यावर. मी रोज औषध द्यायला वाकते आणि ते बघते. ते आहेत तोवर एकदा त्यांना कळायला हवं, माझ्या हाताने काय केलं ते. बाकी जगाला नाही कळलं तरी चालेल.

लोभ उसना देतेय, लक्षात ठेव.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फजिती झाली. अगं, तू सगळं डाव्या हाताच्या हिशेबाने लिहिलंयस! मला वाटलं, सुटतेय ती माझ्याच हाताची चूक. काल पीस गेलं एकीकडून, दोरा दुसरीकडून, आणि बोट सोडल्याबरोबर सगळं भसकन उलगडलं. चाळीस माणसं हसली. मग मी सरळ सांगून टाकलं, की ही माझ्या ताईची माशी, ती डावखुरी आहे, मला बांधता येत नाही. तर मालक म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं, आता बहिणीवर ढकलतोस?

आज सकाळी बाबांना पत्र टाकलंय. सगळं लिहिलं, एक शब्द गाळला नाही. तुझं तुला मिळू दे.

जमलं तर लोभ असू दे.

टिल्लू

६ एप्रिल

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

चुकलं खरं माझं. जन्मभर डावखुरी, डावखुरी ऐकत आले, आणि लिहायला बसले तेव्हा मीच विसरले.

बाबांच्या नावाचं तुझं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं, घरात दुसरं आहे कोण. चांगलं लिहिलंस रे. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, खरंच असं लिहिलंय, की तू आपल्या मनाचं वाचतेयस?

मी उठून शिंपीकाकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून तेच वाचलं, शब्द न् शब्द. तेव्हा कुठे बाबांना पटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, बघ पोराचं मन केवढं. एवढं नाव मिळालं, आणि बहिणीला वाईट वाटू नये म्हणून तिला देऊन टाकतोय. शिंपीकाका माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागले.

बाबांनी तुला लिहायला सांगितलंय, की बहिणीसाठी स्वतःकडे असा कमीपणा घेऊ नकोस. निरोप पोचवला.

तू खोटा होतास तोवर मला वाटायचं, अडलंय ते तुझ्या एका पत्रापाशी. आता तू खरं बोलून मोकळा झालास. तुझ्यावर रागवायचीसुद्धा सोय राहिली नाही मला.

तूही लोभ करत जा. मला तर सवयच आहे.

ताई