गाडीची सावली

४ ऑगस्ट
सिदाई आज पुन्हा गाडीच्या सावलीत येऊन आडवी झाली! पुढच्या चाकाला पाठ टेकून, दोन्ही पिल्लं पोटाशी घेऊन. खिडकीतून हात खाली सोडला असता तर कानाला लागला असता. सफारीला आलेल्या पाहुण्यांतली एक म्हातारी चक्क रडली. दोन वर्षं मी या सिंहिणीसाठी रोज दुपारी इंजिन बंद करून थांबलो. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "लेमायान, गाई देऊन लग्नच कर तिच्याशी!" आता तेच विचारत येतात – कुठे आहे रे तुझी सिदाई?

७ ऑगस्ट
आमच्या वस्तीतल्या पार्सलोईच्या दोन गाई गेल्या. काट्यांचं कुंपण ओलांडून सिंहीण आत शिरली. एक गाय गाभण होती. माग मी पाहिला – पुढच्या पंजाचं एक बोट वाकडं. सिदाईच. मी गप्प राहिलो, पण पार्सलोई काय आंधळा आहे?
आई म्हणाली, "त्याची पोरं दुधावाचून राहतील. तू बस सिंहिणीचं बाळंतपण करत!"

९ ऑगस्ट
पार्सलोई कॅम्पवर आला. "उद्या गाडी दे. कुंपणाला काटे आणायचेत." आमची सुंता एकाच पहाटे झाली; आमच्या जमातीत हे सख्ख्या भावापेक्षा जवळचं नातं. अशा भावाला नाही म्हणायचं नसतं, उलट विचारायचंही नसतं. किल्ली दिली. घेताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

१० ऑगस्ट
गाडी आली. मागे काट्याची एक फांदी नाही. पुढचं चाक धुतलेलं, पण खाचांत रक्त.
"कुठे?" मी विचारलं.
"त्या मोठ्या बाभळीपाशी. इंजिन बंद केलं, वाट पाहिली. तीच उठून आली रे. चाकाशी पडली. भाला फेकावाही लागला नाही. खिडकीतून वाकलो, बस्स." मग चाकाकडे बघत म्हणाला, "सिंह मारणाऱ्याचं गाणं गातात, याचं नाही व्हायचं. कुणाला सांगू नकोस."
सिंह मारून आलेला माणूस मान खाली घालून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्यावर हात उगारणार होतो – उगारला नाही. गाडीपाशी यायला तिला शिकवलं कुणी? मीच!

११ ऑगस्ट
पिल्लं दिसली नाहीत. जेवण गेलं नाही.

१३ ऑगस्ट
पिल्लं जिवंत आहेत! सिदाईच्या बहिणीपाशी. तिच्या अंगावर दूध आहे, जगतील. मी गाडी थांबवली, तशी दोघं धावत आली आणि चाकाच्या सावलीत बसली. पाहुणे हरखले. मी हॉर्न दाबला. पिल्लं दचकली, पुन्हा बसली. मग दार बडवलं, ओरडलो, पाण्याचा डबा फेकून मारला. एकाला लागला, कळवळलं. पाहुणे मला शिव्या देत होते. शेवटी पळाली एकदाची.
उद्या पुन्हा जायचंय. दगड बरोबर घेऊन.