साठ हिरव्या खुणा

१, सोमवार. सकाळी ६

आजपासून रोजनिशी. बाबांचा उजवा हात परत येईपर्यंत एक दिवस खंड पडणार नाही. रोजनिशीतही आणि प्रार्थनेतही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बोटं आखडली आहेत. चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर होते. त्यांना दुसरं काही नको, फक्त मोठी कात्री पुन्हा धरायची आहे. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या की बोटं येतील, पण रोजच्या रोज करायला हवं. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. रबरी चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे उघडायचे, ताटलीतली दहा बटणं एकेक उचलून बरणीत टाकायची. कपाटावर तक्ता चिकटवून गेल्या. तीस दिवस, साठ चौकटी.

ताई म्हणत होती, महिनाभर बाबांना माझ्याकडे पाठव. साफ नाही म्हटलं. तिचा विश्वास कॅलेंडरवर, माझा देवावर.

२, मंगळवार

चाळीस मिनिटं प्रार्थना. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटासाठी वेगळी. डोळ्यांत पाणी आलं. घड्याळ पाहिलं तर ऑफिसला उशीर, व्यायाम राहिला. हरकत नाही, मुख्य काम झालं आहे.

संध्याकाळी दमलो होतो. दमलेल्या माणसाने व्यायाम घेतला की त्यात भाव राहत नाही.

४, गुरुवार

बायकोने तक्त्याकडे बोट दाखवलं. मी करून घेऊ का, असं विचारलं. अंगाचा तिळपापड झाला. वडील माझे आहेत, म्हटलं. ती तेव्हापासून भांडी जोरात आपटते आहे.

ईर्ष्येने लगेच बसलो. बाबांनी तीनदा बटण पाडलं. चौथ्यांदा उचलतच होते, तेवढ्यात ऑफिसचा फोन. उद्या पुढे, म्हटलं. बाबा ताटली धरून बराच वेळ बसले होते म्हणे.

९, मंगळवार

ताईचा फोन. तक्त्याचा फोटो पाठव म्हणाली. म्हणजे सख्ख्या भावावर संशय! मनाला फार लागलं.

पण त्यातूनच एक विचार सुचला. रिकामी चौकट म्हणजे देवावरचा अविश्वास. होणारच आहे असं मानतो, तर झालं असंच धरायला हवं. हिरवं पेन घेतलं आणि साठच्या साठ चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. काय हलकं वाटलं! बाबा खुर्चीतून बघत होते. पेन अजून चालतंय का, एवढंच त्यांनी विचारलं.

फोटो मात्र नऊ तारखेपर्यंतच कापून पाठवला. श्रद्धा असली तरी व्यवहार सुटू नये.

१४, रविवार

बाबांच्या हातासाठी साखर सोडली. आजन्म.

१५, सोमवार

डोकं ठणकतंय. असल्या मनःस्थितीत चेंडू कसला दाबून घेणार? दुपारी साखर सुरू केली. देव माझ्या चहावर टपलेला नसणार.

२१, रविवार

चेंडू सोफ्याखाली सापडला, धुळीने माखलेला. घरात कोणाचं लक्ष म्हणून नाही.

आज सगळा बॅकलॉग भरून काढला. सलग दोन तास! बाबा मध्येच थांबूया म्हणाले. मी म्हटलं, बाबा, विश्वास ठेवा. संध्याकाळी हात मनगटापासून सुजला. एवढं केलं तर हे फळ. देवाकडे पाहून प्रथमच राग आला.

२२, सोमवार

सूज. विश्रांती. यात माझा दोष नाही.

३०, मंगळवार. संध्याकाळी

बाई आल्या. बाबांपुढे बटण ठेवलं. बोटं त्याच्यावरून नुसती घसरत राहिली. बाबांच्या कपाळावर घाम.

मग बाईंनी तक्ता पाहिला. साठपैकी साठ. अकरा वर्षांत असा भरलेला तक्ता पाहिला नाही म्हणाल्या. माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मी छाती काढली. मग हळूच म्हणाल्या की इतकं नियमित करूनही बोटं हलत नसतील, तर आता आशा धरण्यात अर्थ नाही. उगाच मास्तरांचे हाल नकोत. आता डाव्या हाताने कामं शिकवू, त्यांची थेरपीची वेळ दुसऱ्या पेशंटला देते.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी बाबाच बोलले. पोराने एक दिवस चुकवला नाही म्हणाले.

बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

३१, बुधवार

प्रार्थना बंद. देवाने केसाने गळा कापला. तीस दिवस हाका मारल्या, एका बोटाइतकंही उत्तर नाही.

दुपारी ताई आली. बायकोने तिला सगळं सांगितलं होतं. घरभेदी! ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, दुसऱ्या थेरपिस्टना सगळं खरं सांगून विचारलंय, अजून उशीर झालेला नाही. बाबांची बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, बाबा, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, तू प्रार्थना सोडू नकोस, चांगली करतोस.

जाताना बाबांनी डाव्या हाताने तक्ता कपाटावरून सोलून काढला, घडी घालून खिशात ठेवला. आठवण म्हणून असेल. कात्रीही घेऊन गेले. बटणं विसरले.

१, गुरुवार

डोळे मिटून बसलो. काय मागायचं ते सुचेना.

ताईने फोटो पाठवला. नवा तक्ता, पहिल्या चौकटीत एकच खूण, वाकडीतिकडी. खाली लिहिलं होतं, बाबांनी स्वतः केली, उजव्या हातात पेन बांधून. फोटो मोठा करून पाहिला. एकोणसाठ चौकटी रिकाम्या. कापलेल्या नव्हत्या.

लाज वाटली. कोणी पाहत नव्हतं तरी वाटली.

बाबांच्या खुर्चीत बसलो. ताटलीतली दहा बटणं एकेक उचलून बरणीत टाकली. घड्याळ लावलं होतं.

दीड मिनिट लागलं.