एकशे ऐंशी मिली

धायरी, पुणे
२३ सप्टेंबर २०२५

ती. द्वारका आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

झालं ते असं:

१. शनिवारी, २० तारखेला, शनिवार पेठेत माझी मैत्रीण पूर्वा हिच्याकडे आम्ही पाच जणांनी पाच रेड वाइन चाखल्या. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर फक्त नंबर.
२. तीन नंबरची वाइन उघडल्यावर दुसऱ्या दिवशी किती बदलते ते मला पाहायचं होतं. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून घरी आणली. ३७५ मिली.
३. ती फ्रिजच्या दारात ठेवली. शेजारी तू बाबांच्या साखरेसाठी पाठवलेला जांभळाचा रस होता. रंग तोच. माझ्या बाटलीवर '३' एवढंच लिहिलं होतं.
४. रविवारी दुपारी मी बाहेर असताना बाबांनी ती बाटली काढली.
५. मी परत आले तेव्हा तिच्यात १९५ मिली होती. मोजपात्रात ओतून पाहिली.
६. मी बाबांना सांगितलं, एकशे ऐंशी मिली कमी आहे. ते संध्याकाळी बॅग घेऊन तुझ्याकडे निघाले.
७. उरलेली वाइन मी बेसिनमध्ये ओतून दिली.

फोन केला असता, पण तू स्पीकरशिवाय बोलत नाहीस आणि बाबा शेजारच्याच खोलीत असणार.

हा छंद मला चार वर्षांपासून आहे. महिन्यातून एकदा. आम्ही वाइन गिळत नाही. तोंडात फिरवतो, स्टीलच्या डब्यात थुंकतो आणि वहीत लिहितो. वाघोलीच्या प्रयोगशाळेत दिवसभर पाणी तपासते, त्याला चव नसते, म्हणून असेल. पूर्वा म्हणते, माझी वही वाचली की वाइनला दवाखान्यात भरती केल्यासारखं वाटतं. बाबांना मी 'एक वर्ग आहे' एवढंच सांगत आले. घरी बाटली पहिल्यांदाच आणली. चूक माझी.

बाबांनी १९९७ साली १४ ऑक्टोबरला दारू सोडली. तूच त्यांना नांदेडच्या विहारात नेलं होतंस. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी पंचशील झालं की ते उभे राहून वर्षांचा आकडा सांगतात. यंदा अठ्ठावीस.

मला एकच गोष्ट सुटत नाही. चूक एका घोटात कळते. एकशे ऐंशी मिलीला वेळ लागतो.

त्यांची साखर सकाळी उपाशीपोटी तपास. तुझी माया आहेच, ती थोडी माझ्याही वाट्याला राहू दे.

तुझी,
श्रद्धा


नांदेड
२८ सप्टेंबर २०२५

चि. श्रद्धास,
सप्रेम जय भीम, अ. आ.

पत्र पोचलं. नंबर घातलेलं पत्र मला आजवर फक्त वकिलाचं आलं होतं, तेही जागेच्या भांडणात. त्यानं निदान 'आपण कुशल असाल' असं लिहिलं होतं.

तुझे बाबा बरे आहेत. साखर एकशे बत्तीस. जेवतात, कुंड्यांना पाणी घालतात, माझ्या रेडिओला नावं ठेवतात. फक्त विहाराच्या रस्त्यानं जात नाहीत. भाजी आणायलासुद्धा मागच्या गल्लीनं फिरून जातात. तुझी बाटली माझ्या रसाशेजारी जाऊन बसली, त्यात माझ्या रसाचा दोष नाही, हे मात्र दोघांनाही सांगून ठेवते.

चौथ्या दिवशी मेथी निवडताना ते आपणहून बोलले. पहिला घोट घेतला तेव्हा त्यांना वाटलं, रस आंबला. दुसऱ्या घोटाला कळलं. मग बाटली परत ठेवायची, तर ते खुर्चीत बसले आणि पेला संपवला. दुसऱ्यांदा भरला, तोही संपवला. पहिला घोट चुकून झाला अक्का, पुढचे नाही, असं म्हणाले. मान खाली, हातात मेथीची काडी. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस दारूची चव विसरला असेल. तो काही विसरला नव्हता, बाई.

विहाराचे सचिव बाबुराव १४ तारखेला बोलणाऱ्यांची यादी घेऊन आले होते. यंदा माझं नाव नको, असं तुझ्या बाबांनी सांगून टाकलं.

तुझ्यावर राग आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. भीती आहे. तुझी ती वाइनची वही त्यांनी पाहिली आहे. तुझ्या टेबलावर उघडीच असते म्हणे. म्हणाले, लवंग कुठली, ओली माती कुठली, जुनं चामडं कुठलं, हे सगळं पोरीला नुसत्या वासावरून कळतं. आता मी बाहेरून घरी आलो की दारातच ती माझा वास घेणार. बोलणार नाही, पण घेणार. तसं रोज दारात उभं राहायला मला जमणार नाही. हे त्यांचे शब्द.

यावर काय उत्तर द्यायचं ते तूच लिही, आणि या वेळी नंबर घालू नकोस.

अंगाला जप. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
आत्या


धायरी, पुणे
४ ऑक्टोबर २०२५

ती. द्वारका आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

पहिल्या पत्रात एक दुरुस्ती आहे. सातवा मुद्दा खोटा होता. वाइन मी ओतून दिली नाही.

बाबा गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि उरलेली सगळी प्यायले. चार वर्षांत पहिल्यांदा गिळली. वहीत मी तिच्याबद्दल 'जांभूळ, लवंग, शेवटी तुरट' असं लिहिलं होतं. ते बरोबरच होतं, पण गिळल्यावर जे झालं ते त्यात कुठेच नव्हतं. अंग सैल पडलं. बाबांना मी जे बोलले होते, त्याचं दहा मिनिटं काहीच वाटेनासं झालं. नंतर सगळं परत आलं. तेव्हा कळलं की मी चार वर्षं वाइन चाखतानाही पाणीच तपासत होते आणि आजही पाणीच तपासते आहे. माणसाचं काय मोजावं हे मला कळत नाही.

बाबांच्या भीतीबद्दल. त्यांचं खरं आहे. रविवारी दार उघडताच मला वास आला होता. मोजपात्र मी त्यानंतर काढलं. मला आधीच माहीत होतं, तरी मोजलं, आणि आकडा त्यांच्या तोंडावर सांगितला. मी तीन वर्षांची होईपर्यंत तो वास आमच्या घरात होता. बाकी काही आठवत नाही, तो आठवतो. कदाचित म्हणूनच मी तो पेल्यात घालून, नंबर देऊन, थुंकून टाकायला शिकले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नाक बंद ठेवीन असं वचन मी देऊ शकत नाही. नाक बंद होत नाही. यापुढे मोजणार नाही, एवढं देऊ शकते. आणि वास आला तर गप्प राहणार नाही, विचारीन. बाबांनीही मला विचारावं. तेवढा हक्क त्यांना आता आहे.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. सातवा मुद्दा आधी.

१४ तारखेला त्यांनी उभं राहावं असा माझा आग्रह नाही. राहिले तर कुठला आकडा सांगायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी रजा टाकली आहे. बाबांना चालणार असेल तर १३ तारखेला सकाळी नांदेडला पोचेन आणि विहारात तुझ्या शेजारी बसेन. ते आले नाहीत, तर तुझ्या घरी मेथी निवडत बसेन.

तुम्हा दोघांची माया माझ्यावर होती तशीच असू दे.

मी यावं की नाही, हे बाबांनी स्वतःच्या अक्षरात शुक्रवार, १० ऑक्टोबरपर्यंत कळवावं.

तुझी,
श्रद्धा