सात नंबरच्या तीन रेघा

मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

डेल्फीन आली आणि माझ्या वह्या घेऊन गेली. एकोणतीस वह्या! मातीच्या ट्रॅकवर पहिली गाडी पळाली तेव्हापासून ट्रॅक बंद पडेपर्यंतची प्रत्येक शर्यत त्यांत आहे, माझ्या हातची. गाडी समोरून गेली की एक रेघ. पाच रेघांची एक जुडी. आता तिथे मका उभा आहे, आणि गावाला अचानक इतिहासाचा उमाळा आलाय! जुन्या डेअरीत शर्यतींचं दालन उघडतायत, चौदा तारखेला.

"तुमच्या वह्या म्हणजे आमचं बायबल, आर्व्हिलाबाई," डेल्फीन म्हणाली. ग्रंथालयात असते, पोरगी गुणी आहे. पण बायबल म्हटल्यावर मी पटकन चहा ठेवायला उठले. एकाहत्तरच्या अंतिम शर्यतीचं पान चौकटीत घालून भिंतीवर लावणार म्हणे. नेमकं तेच!

शुक्रवार, ६ सप्टेंबर

हिल्डाच्या बारमध्ये मासा खायला गेले. ऑझीचं कीर्तन चालूच होतं. "एकाहत्तरची शर्यत मी जिंकलो! हार्लन एक फेरी मागे होता! टायर बदलायला आत गेला होता, त्याची सात नंबरची गाडी मी या डोळ्यांनी पाहिली!" अठ्ठेचाळीस वर्षं झाली, दर शुक्रवारी, बटाट्याच्या धिरड्यांबरोबर हेच. सगळे हसतात.

हिल्डा म्हणाली, "अरे ऑझी, आर्व्हिलाची वही खोटं बोलते का?"

ऑझीने माझ्याकडे पाहिलं. मी कोबीच्या कोशिंबिरीत तोंड खुपसलं.

हार्लन शेजारीच बसला होता. त्याच्या घरी तेवीस करंडक आहेत. एकात बायको लसूण ठेवते. म्हणाला, "मला काल काय खाल्लं ते आठवत नाही. वहीत लिहिलंय ना? मग जिंकलो असेन."

शनिवार, ७ सप्टेंबर

केक करपला. डोकं ठिकाणावर नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

अंतिम शर्यतीला प्रत्येक गाडीमागे एक मोजणारी असायची. माझ्या वाट्याला हार्लनचा सात नंबर. त्रेसष्टावी फेरी चालू असताना माझ्या ब्लाउजमध्ये गांधीलमाशी शिरली. मोजणीच्या मचाणावर! दोन हजार माणसांसमोर! मी जी नाचले, ती माशी बाहेर पडेपर्यंत थांबले नाही. तोवर सात नंबर किती वेळा समोरून गेला, देव जाणे. शेजारच्या डोरिसने ऑझीच्या चव्वेचाळीस नंबरला तेवढ्यात तीन रेघा ओढल्या होत्या. मग मीही सातला तीन ओढल्या. अंदाजाने!

शेवटी हार्लन हातभर पुढे राहून जिंकला. म्हणजे तो खरंच टायर बदलायला आत गेला असेल, तर ती फेरी त्याची नव्हे, माझी. आणि शर्यत ऑझीची.

छपन्न वर्षांचा संसार झाला, नवऱ्यालासुद्धा हे सांगितलं नाही. गेला बिचारा, माझ्या अचूकपणाचं कौतुक करत.

मंगळवार, १० सप्टेंबर

लिंबाच्या वड्या घेऊन ऑझीकडे गेले. गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो पालथ्या बादलीवर बसला.

"कुणाला सांगितलंयस?"

"कुणालाच नाही."

"मग सांगूही नकोस! वेड लागलंय का तुला? मी खरा ठरलो तर शुक्रवारी बोलू कशावर? हवामानावर?"

मला हसू फुटलं. तोही हसला. मग चिंधीला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"एकटी व्हर्ना माझ्या बाजूने होती गं," म्हणाला. "तू पाहिलंस ना, मग तसंच असणार, म्हणायची. तिला कळायला हवं होतं."

त्याच्या बायकोला, व्हर्नाला, जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं आधी माझी जीभ कुठे गेली होती?

शनिवार, १४ सप्टेंबर

सांगितलं! माइकवरून!

डेल्फीन भाषणात "अचूक नोंदी, अचूक नोंदी" करत होती. तिसऱ्या वेळी मला राहवेना. उठले, माइक घेतला आणि सगळं ओकले — गांधीलमाशी, ब्लाउज, तीन रेघा. लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग सगळ्यांच्या माना ऑझीकडे वळल्या.

हार्लनला नुकतीच एकाहत्तरच्या विजेत्याची पितळी पाटी मिळाली होती. तो काठी टेकत ऑझीच्या टेबलापाशी गेला. "घे रे बाबा. माझ्या घरी भिंत उरलेली नाही."

ऑझीने पाटी घेतली. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"अरे बोल की!" हार्लन ओरडला. "अठ्ठेचाळीस वर्षं तुझं तोंड मिटलं नाही, आणि आज दातखीळ बसली?"

ऑझी उठला आणि जेवण तसंच टाकून बाहेर पडला. गळ्यात कागदी रुमाल खोचलेलाच. हिल्डाने खिडकीतून पाहिलं. गाडी सरळ दफनभूमीकडे वळली.

सोमवार, १६ सप्टेंबर

पेपरात आले. नाव चुकवलंय. गांधीलमाशीचं मात्र बरोबर छापलंय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ऑझीने सगळ्यांना बिअर पाजली. एकाहत्तरबद्दल चकार शब्द नाही! हिल्डाने हळूच विचारलं, "याला बरं नाही का?"

पाटी कुठे लावलीस, मी विचारलं.

"व्हर्नाच्या खुर्चीसमोर," म्हणाला. मग दोन धिरडी जास्तीची मागवली. त्याला इतकं शांतपणे जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हार्लनला विचारलं, वाईट वाटलं का रे? "थोडंसं," म्हणाला. "पण याचं ऐकायचं सुटलं, ते काय कमी आहे?"

गुरुवार, ३ ऑक्टोबर

पेपरातलं वाचून मॅडिसनच्या एका बाईने वडिलांनी काढलेली जुनी फिल्म पाठवली. गाड्या ओळखायला डेल्फीनने मला आणि हार्लनला बोलावलं. प्रोजेक्टर लावून दिला आणि फोन वाजला म्हणून खाली गेली.

पडद्यावर मी! मचाणावर थयथयाट चाललेला. चित्र लख्ख. माझ्या मागून सात नंबर गेला. पुन्हा गेला. पुन्हा गेला. तीनदा. आत टायर बदलत उभी होती ती सतरा नंबरची गाडी. तिचा एकचा आकडा चिखलाने झाकलेला, दिसत होता नुसता सात.

जिना वाजला.

"काही दिसलं का?" डेल्फीनने दारातून विचारलं.

"धूळ," हार्लन म्हणाला. "नुसती धूळ. काय गं, आर्व्हिला?"

"धूळच," मी म्हटलं.