तुझ्या गुडघ्याची तारीख

प्रिय दादा,

आधी भांडून घेते, मग खुशाली. तुझा तो गुडघ्याचा पट्टा मला कधीच बसला नाही. तुझ्या मांड्या म्हणजे खांब. माझ्या पायावरून तो सरकत सरकत पोटरीवर येऊन बसायचा. पण नवा आणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तुझी सायकल मी चालवली, तुझा कोट बाह्या दुमडून घातला, तुझ्या मागोमाग अग्निशमन दलातसुद्धा आले. शेपूट म्हणायचास ते काय उगाच? मग लिगामेंटचं ऑपरेशन तरी वेगळं कसं असणार! आईने माळ्यावरून तुझ्या कुबड्या काढल्या, त्यांच्याबरोबर तुझा व्यायामाचा तक्ता निघाला आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटला.

त्या तक्त्याने माझा जीव खाल्ला रे. तू ज्या आठवड्यात जिने चढलास, त्या आठवड्यात मी पलंगाच्या कडेला बसून पाय सरळ करताना रडत होते. बाबा तक्त्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि पेपर उघडायचे. बोलले असते तर परवडलं असतं. आणि हो, तू उशीवर पाय टाकून पडला होतास तेव्हा तुला चहा हातात मिळायचा. मी मात्र ओट्यापाशी एका पायावर उभी. तेवढीच हालचाल होते म्हणे!

फिजिओच्या बाई सरळ बोलल्या. भावाचं राहू दे, म्हणाल्या. बायकांच्या मांडीत ताकद परत यायला बरेचदा जास्त वेळ लागतो, आणि चांगला गुडघाही जपावा लागतो, कारण दुखऱ्याचा भार तोच उचलतो. शिडीची घाई नको. हे तुला फोनवर सांगितलं तर तू हसलास. बाई घाबरवतात, म्हणालास. वर आमच्या साहेबांना परस्पर तारीख देऊन मोकळा झालास, की माझी बहीण आहे, माझ्याइतक्याच दिवसांत शिडीवर दिसेल. तुला अभिमान वाटत होता, कळतं मला. पण ती तुझ्या गुडघ्याची तारीख होती.

मला वेळ मागता आला असता. पण मग काय ऐकावं लागलं असतं, तुला ठाऊक आहे: बाईमाणूस, टेलिफोनवर बसवा. एकदा त्या खुर्चीत बसलं की बंबावर परत कोण घेतंय? म्हणून दात आवळून परवा शिडीला हात घातला. चढले हं दादा, अगदी वरपर्यंत. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरताना शेवटच्या पायरीवरून उडी टाकली, तुझ्यासारखी, ऐटीत.

ऑपरेशनचा डावा गुडघा छान राहिला. उजवा गेला. तो आवाज मी लगेच ओळखला. आडवी पडून लिहितेय, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. घरच्यांना तुला कळवू नका म्हटलं, कारण फोनवर तू धीर द्यायला लागशील आणि मला तुझ्यावर ओरडता येणार नाही. मला फार भीती वाटतेय रे. मला त्या टेलिफोनच्या खुर्चीत बसवायचं का, ते साहेब सोमवारी ठरवणार आहेत. त्याआधी ये आणि तुझ्या तोंडाने त्यांना सांग, की ती तारीख मी दिली होती आणि ती चुकली. तिला तिचा वेळ द्या. आईने तुझा पट्टा पुन्हा धुऊन वाळत घातलाय. येताना माझ्या मापाचा घेऊन ये.

तुझीच,
शेपूट