मिक्सिंगचा गुलाब

अमरावती,
४ नोव्हेंबर २०२४

ती. किशोरदादास,
आरतीचा नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर आधी आवाज मी चढवला, हे मान्य. नंतर तू चढवलास, हे तूही मान्य कर. फोनवर तू ऐकत नाहीस, लिहून पाठव, मी बसून वाचीन, असं म्हणून तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. आता खरंच बस आणि वाच.

माझ्या लग्नाची कॅसेट मला हवी आहे. माझ्याकडच्या प्रतीला बुरशी लागली. तुझ्या स्टुडिओच्या कपाटात एक आहे, ती पाठव. पुढच्या महिन्यात इथे व्हिडिओ आर्टचं प्रदर्शन आहे. अमरावतीत असं प्रदर्शन मी तरी पहिल्यांदाच ऐकते आहे. त्यात शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना जागा मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं.

तू विचारलंस की शूटिंग तर मीही करतो, मग तुझं ते आर्ट आणि माझा धंदा असं का? मी फोनवर तुटक उत्तर दिलं, ते चुकलंच. नीट सांगते. साठ-सत्तरच्या दशकात खांद्यावर नेता येईल असा कॅमेरा आला, तेव्हा परदेशातल्या काही चित्रकारांना आणि वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांना वाटलं की टीव्ही घरोघर नुसता बोलतो, त्याला कुणी उलटून बोलत नाही. मग कुणी टीव्हीवर लोहचुंबक ठेवून चित्र वाकडं केलं, कुणी टीव्हीच एकावर एक रचून त्यांचा पुतळा केला, कुणी कॅमेरा स्वतःवर रोखून तासभर बसून राहिलं. आपल्याकडे हे नव्वदच्या सुमारास आलं, तेही बरंचसं चित्रकारांच्याच हातून. आम्हाला कॉलेजात हे सगळं स्लाइडवर दाखवायचे. हलणारी कला आम्ही न हलणाऱ्या चित्रांवरून शिकलो.

माझ्या कामात डबा-टीव्ही आहेत. सहदेवांनी ते भंगारवाल्याकडून जमवले, त्यांच्या हौसेला मी बायको म्हणून हसते आणि कलावंत म्हणून हात जोडते. प्रत्येकावर आपल्या वऱ्हाडातल्या लग्नांच्या जुन्या कॅसेटी चालतील: बदामात नवरा, ताजमहालापुढे नवरी, पानासारखा उलटणारा मंडप. मधल्या टीव्हीवर माझं लग्न. मंगलाष्टकं चालू आहेत, कॅमेरा फिरत फिरत खांबापाशी उभ्या आईकडे येतो, आणि नेमका तिथे पडद्यावर गुलाब उमलतो. आई झाकली जाते.

ती विधवा होती म्हणून. दोन्ही हार तिने ओवले, ते आमच्या गळ्यात चालले, ती चौकटीत चालली नाही. एवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा दाखवणार आहे. तो गुलाब कुणी टाकला हे मी विचारत नाही. मिक्सिंग तू करत होतास.

लोभ असावा. नसेल तर निदान कॅसेट असावी.
तुझी,
आरती


अकोला,
११ नोव्हेंबर २०२४

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक डोकं थंड राहण्यासाठी वेगळा काढून ठेव.

बसून वाचलं. दोनदा वाचलं. चुंबकाचं मला आवडलं. आमच्याकडे कोणी टीव्हीजवळ चुंबक नेलं की मार बसे, तिकडे कलावंत झाले.

आता माझं ऐक. माझ्या प्रतीक्षाची सोयरीक मूर्तिजापूरला पक्की झाली. साक्षगंध डिसेंबरच्या शेवटी, लग्न फेब्रुवारीत. तुझ्या प्रदर्शनाची बातमी गावी हिवरखेडला पोचली कशी कोण जाणे, पण मोठे बाबा परवा येऊन बसले. आल्या आल्या आईच्या टोपलीतल्या शेवंतीला नावं ठेवली, मग माझ्या ड्रोनला, मग तुझ्याकडे वळले. म्हणाले, घरातल्या बाईले चौकात उभं करून राहिली का तुही बहीन? शिकवलं कशाले तिले, आपलीच उखाळी काढाले? सोयऱ्यांनी पाहिलं तर पोरीच्या लग्नाचं काय होईल, याचा इचार केला का कोनी? मी मान खाली घालून चहा पाजला. बाप गेल्यावर बापाचे थोरले भाऊ म्हणून त्यांनी आपल्याला सांभाळलं, हे तू विसरलीस तरी मला विसरता येत नाही.

तर गुलाबाबद्दल. टाकला मीच, आणि मला त्याची लाज नाही. तेव्हा मी केशवरावांच्या स्टुडिओत हाताखाली होतो. मोठे बाबांनी मला सांगितलं होतं की खांबाजवळचा तेवढा भाग कापून टाक. झाक नाही म्हणाले, काप म्हणाले. तुला हे माहीत नसेल, पण कॅमेऱ्याची मूळ कॅसेट स्टुडिओ ठेवत नसे. त्याच कॅसेटवर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं लग्न चढे. म्हणजे मी कापलं असतं तर आई तुझ्या लग्नात कुठंच उरली नसती. मी कापलं नाही. वर गुलाब ठेवला आणि बटन अर्ध्यावर थांबवलं, म्हणजे फूल पातळ राहील. नीट पाहशील तर पाकळीतून तिचा चेहरा दिसतो. फुलाच्या कडेला तर तिचा हात चक्क उघडा आहे, मामीला हार देताना. मोठे बाबांनी पाहिलं, गुलाब पाहून खूश झाले. केशवरावांनी ओळखलं होतं, तरी त्यांनी कॅसेट तशीच देऊ दिली.

म्हणून म्हणतो, जे झालं ते झालं, मी माझ्यापरीनं केलं. फेब्रुवारी जाऊ दे. मग तुला हवं ते दाखव. तोवर कॅसेट कपाटात राहील आणि किल्ली माझ्या खिशात.

लोभ आहे, म्हणूनच नाही म्हणतो.
तुझा,
दादा


अमरावती,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आलं. इतकी वर्षं त्या गुलाबाचा मी राग केला. दर दिवाळीला कॅसेट लावली की तो आला रे आला की मी उठून पाणी प्यायला जायची. म्हणून पाकळीतून काय दिसतं ते मला कधी दिसलंच नाही. पाहायला शिकवणं हा माझा पेशा आहे, दादा.

प्रदर्शनवाल्यांनी विचारलं आहे की तुमच्या कामावर कुणाचा प्रभाव आहे. मी परदेशी कलावंतांची यादी लिहून ठेवली होती. काल वाचली तेव्हा ती मला खोटी वाटली. मग वाटलं, पूर्ण खोटी नाही, त्यांच्याकडूनही मी घेतलंच आहे, ते नाकारणं हीसुद्धा एक ऐट झाली असती. ती नावं ठेवली. त्यांच्या वर लिहिलं: माझा भाऊ, लग्नाचं मिक्सिंग करणारा, ज्याने कापायला सांगितलेलं चित्र झाकून वाचवलं. आणि माझी आई, जी एकच फूल पुन्हा पुन्हा ओवून त्याचा हार करते. एकच दृश्य फिरून फिरून दाखवणं मी स्लाइडवरून शिकले असं मला वाटायचं. ते मी आधी तिच्या मांडीशी बसून पाहिलं होतं.

तर फेब्रुवारीपर्यंत मी थांबणार नाही. थांबले तर प्रतीक्षाच्या लग्नातही आई खांबामागेच असेल, आणि या वेळी बटन अर्ध्यावर थांबवायला तुझ्यासारखा कुणी नसेल. आता तर झाकायलाही लागत नाही, माणूस एका बोटाने पुसता येतो. मोठे बाबांनी आपल्याला सांभाळलं, हे मी विसरलेले नाही. पण सांभाळणाऱ्याला कुणी दिसावं आणि कुणी दिसू नये हे ठरवण्याचा हक्कही मिळतो, हे मला मान्य नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

मात्र एक गोष्ट मला छळते आहे आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. मोठे बाबांनी आईला झाकायचं ठरवलं, तेव्हा तिला विचारलं नाही. मी तिला दाखवायचं ठरवलं, तेव्हा मीही विचारलं नाही. मग आमच्यात फरक काय? म्हणून सोबत आईला वेगळी चिठ्ठी आहे. तिच्यात सगळं लिहिलं आहे: गुलाब, पातळ बटन, मोठे बाबांचं बोलणं, प्रतीक्षाची सोयरीक. मधल्या टीव्हीला मी तिच्याच हातचा शेवंतीचा हार घालणार आहे, हेही लिहिलं आहे. तिने नाही म्हटलं तर तो टीव्ही बंद राहील, आणि शेजारी काही खुलासाही नसेल. पण नाही म्हणायचं ते तिने. तिच्या नावाने दुसऱ्या कुणी नाही.

चिठ्ठी तिच्या हातात दे. लोभाचं तू ठरव.
तुझी,
आरती


अकोला,
२५ नोव्हेंबर २०२४

आरतीले सत्यवतीचा आशीर्वाद.

प्रतीक्षा लिहून रायली, मी सांगून रायली. तिले म्हनलं, शुद्ध करू नको, बोलतो तसं लिही.

तुही चिठ्ठी भेटली. एवढं लांब कशाले लिहिलं व? मले विचाराचं होतं तर एका ओळीत विचारती. इतके दिवस नाई विचारलं अन् आता चार पानं.

गुलाब म्या तवाच पाह्यला होता. पोरगं माह्या पोटचं हाये, त्याची चलाखी मले समजत नाई का? म्या त्याले तवा काई म्हनलं नाई, काहून का त्याले वाटे की कोनाले समजलं नाई. त्याच्या तेवढ्या खुशीले काहून हात लावा? पन तो गुलाब आपल्या बागेतला नाई वाटत. देठाले काटा नाई त्याच्या.

आता दुसरं. तू टीवीले हार घालनार म्हनते. शहानी बाई, आर्टवाली बाई, जित्त्या मानसाच्या फोटोले हार घालतेत का कोनी? एकानं मले झाकलं, तू तर मारूनच टाकून रायली. हार-बीर काई नाई. टीवी उघडा ठेव.

खांबापाशी म्या भेवून उभी नोती. हार वेळेवर पोचले पायजे म्हनून उभी होती. मंडपात कोनाले मी नको होती, पन हाराबिगर लगन लागत नोतं. हे मले तवाबी माहीत होतं अन् तुह्या मोठे बाबालेबी माहीत होतं.

किशोरच्या खिशातली किल्ली म्या त्याचा शर्ट धुताना काढली. कॅसेट या चिठ्ठीसंगं धाडली. त्याले सांगतलं, राग आला त जेवू नको. तो जेवला.

मी येतो पाहाले. टोपली संगं आनतो. नुसतं बसनं मले जमत नाई. अन् प्रतीक्षाच्या लग्नात हार मीच देईन, नवरदेवाच्या हातात, समोर उभी राहून. ज्याले डोये मिटाचे त्यानं मिटावे.

सत्यवती

ता. क. आत्या, मी प्रतीक्षा. मूर्तिजापूरला मी स्वतः फोन करून सांगितलं की माझी आजी प्रदर्शनात दिसणार आहे आणि लग्नातही समोर असणार आहे. ते म्हणाले, विचार करून कळवतो. मी म्हटलं, मीही करते.


अमरावती,
१५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
नमस्कार, वि. वि.

तुला लग्नाच्या शूटिंगमुळे येता आलं नाही, म्हणून आजचं आजच लिहिते.

आई आणि प्रतीक्षा एसटीने आल्या. आईने आधी सगळे टीव्ही फिरून पाहिले. नांदगाव पेठच्या एका मुलाने मागावर धागा तुटतो नि जोडला जातो एवढंच चित्रित केलं आहे, तिथे ती सगळ्यात जास्त थांबली आणि त्याला म्हणाली की गाठ बरोबर दाखवली. मग मधल्या टीव्हीशेजारी खुर्ची नाकारून खाली बसली आणि शेवंती ओवायला घेतली. पडद्यावर तिचा हात गुलाबाच्या कडेने हार देतो आणि खाली तोच हात, सुरकुतलेला, पुढचा हार ओवतो. हे मी रचलेलं नव्हतं. लोक मला शाबासकी देत होते आणि मी प्रत्येकाला सांगत होते की हे माझं नाही. काहींना तो विनय वाटला. नाइलाज आहे.

पाकळीतून तिचा चेहरा दिसतो, दादा. मधल्या टीव्हीवर अगदी स्वच्छ दिसतो. तुझं नाव भिंतीवर सगळ्यात वर आहे. कुणीतरी विचारलं की हे किशोर कुठल्या देशाचे.

मूर्तिजापूरहून अजून काही कळलेलं नाही. प्रतीक्षा म्हणते की कळवलं तर ठीक. ती दिवसभर आजीला फुलं निवडून देत होती आणि मला तरी तिचा चेहरा उतरलेला दिसला नाही. मला मात्र तिची काळजी वाटते. माझ्या हट्टाची किंमत तिला मोजावी लागू नये असं वाटतं, आणि हट्ट मागे घ्यावा असंही वाटत नाही. हे दोन्ही खरं आहे.

दुपारी मोठे बाबा आले. कुणाला न सांगता, हिवरखेडहून एकटे, डोक्याला फेटा बांधून. ते सरळ मधल्या टीव्हीसमोर गेले आणि तिथे उभे राहिले. पाठीमागे हात, पाय रुंद. गुलाब उमलला, मिटला, पुन्हा उमलला. ते हलेनात. मागच्या लोकांना काहीच दिसेना, पण त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझीसुद्धा नाही. तुला एवढं मोठं पत्र लिहिलं होतं मी.

तुला ठाऊक आहे, आई त्यांच्याशी कधी बोललेली नाही. मोठ्या दिरासमोर पदर घ्यायचा आणि सांगायचं ते पोरांकरवी सांगायचं, अशीच ती आयुष्यभर वागली. आजही तिने आधी पदर डोक्यावर घेतला. मग सुई फुलात तशीच ठेवून मान वर केली आणि त्यांनाच म्हणाली, जराक बाजूले सरका. तुमच्यामागं मी दिसून नाई रायली.

ते सरकले.

लोभ आहे तसाच ठेव. कॅसेट मात्र आता परत मिळणार नाही.
तुझी,
आरती