मंगळवारचा चार्ज

एव्होरा, पोर्तुगाल

चि. वसूस ताईचे आशीर्वाद, आणि थोडं रागावणंही.

मी परदेशात मुलाकडे भांडी घासते, असं तू सरावली गावभर सांगितलंस, म्हणून हे पत्र. फोनवर परेश शेजारीच असतो, मोकळं बोलता येत नाही.

पहिला महिना तसाच गेला, हे खरं. परेश आणि सूनबाई वर्षभराच्या रजेवर मला घेऊन इथे आले आणि घरात वारच उरले नाहीत. कोणी अकराला उठे, कोणी चारला जेवे. मी दिवसभर ओट्याशी. मनगट सुजलं, ते तुला कळवलं नाही.

मग सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "रजा माझीही आहे."

परेश म्हणाला, "आई, तू तर रिटायर आहेस."

"म्हणूनच."

आता सगळे एक वाजता एकत्र जेवतो. मंगळवारी इथल्या चौकात बाजार भरतो. तेव्हा मी नात मुक्ताला घेऊन भटकते आणि परेश रांधतो. वरण पातळ होतं, पण मी बोलत नाही. म्हणून माझं तिकीट बदलून मला लवकर परत बोलवायचा विषय पुन्हा काढू नकोस. वर्ष पुरं करून येईन.

तुझे गुडघे कसे आहेत? चिकू उतरवले का?

तुझी ताई

ता. क. परेशला चार्ज दिला तो असा: मिसळणाचा डबा, भरलेला. कुकर, शिटीसह. झारा एक. विळी दिलेली नाही. सही घेतली आहे.